बलदंड देह, गुदमरलेली झोप

वजनदार मल्ल, भारोत्तोलक आणि पॉवरलिफ्टर यांच्या घोरण्यामागे झोपेतील श्वसनरोधाचा विकार दडलेला असू शकतो. शारीरिक शक्ती हे त्यावरील कवच नव्हे. मात्र वेळीच निदान झाल्यास बहुतेकांना खेळ न सोडताही तो आटोक्यात ठेवता येतो.

दिल्ली आणि लगतचा परिसर हा देशातील ताकदीच्या खेळांचा बालेकिल्ला मानला जातो. उत्तर दिल्लीतील गुरू हनुमान आखाडा आणि मॉडेल टाऊनजवळील छत्रसाल स्टेडियम ही नावे महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनांना परकी नाहीत. छत्रसालमध्ये मल्लांच्या पिढ्या घडविणारे सत्पाल यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत १०० किलो गटात सुवर्णपदक पटकावले होते. मराठी मल्लांशी झालेल्या त्यांच्या लढती कोल्हापूर-बेळगाव भागातील जुन्या जाणत्यांच्या आजही स्मरणात आहेत. अलीकडच्या काळात गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबाद येथील व्यायामशाळांमधून पॉवरलिफ्टिंगकडे वळणाऱ्या तरुणांची त्यात भर पडली आहे.

या जगात शरीराचे वजन ही कमाई समजली जाते. दूध, तूप, बदाम यांचा खुराक आणि दोन वेळची मेहनत यांतून ती वर्षानुवर्षे साठविली जाते. आखाड्यात अनेक मल्ल एकाच दालनात झोपतात आणि मोठा मल्ल मोठ्यानेच घोरणार, असे सर्वजण गृहीत धरतात. कुंभकर्णाचे नाव घेऊन थट्टा होते आणि विषय तेथेच संपतो. वैद्यकशास्त्र मात्र या आवाजाकडे वेगळ्या दृष्टीने पाहते.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

नाक आणि श्वासनलिका यांना जोडणारा घशाचा भाग हाडांनी वेढलेला नसतो. तो मुख्यत्वे स्नायूंच्या ताणामुळे उघडा राहतो. झोप लागली की हा ताण सैलावतो, उताणे झोपल्यास जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा वेगाने जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते. हेच घोरणे. प्रत्येक घोरणारी व्यक्ती रुग्ण असते असे नाही.

परंतु काहींच्या बाबतीत ही वाट पूर्ण बंद होते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. घोरण्याचा आवाज अचानक थांबतो. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटू लागते, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि धाप लागल्यासारखा मोठा श्वास घेऊन घोरणे पुन्हा सुरू होते. झोपलेल्या व्यक्तीला सकाळी यातील काहीच आठवत नाही. या विकाराला झोपेतील श्वसनरोध, अर्थात ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. म्हणूनच या विकारात आवाजाइतकीच त्यामधील शांतताही महत्त्वाची ठरते.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा पुरेसा मंदावला, तर ती एक घटना मोजली जाते. प्रौढ व्यक्तीमध्ये तासाला ५ ते १५ घटना घडत असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० पेक्षा अधिक असल्यास तीव्र समजला जातो. तासाला ३० घटना म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा झोपेत गुदमरणे. असा मनुष्य आठ तास अंथरुणात असला, तरी त्याला सलग झोप जवळजवळ मिळतच नाही.

मानेचा घेर आणि वजनी गट

या विकाराचा संबंध सामान्यतः लठ्ठपणाशी जोडला जातो. त्यामुळे आपण लठ्ठ नसून बलवान आहोत, असे सांगून खेळाडू हा विषय टाळतात. शरीराची उंची आणि वजन यांवरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्स स्नायू आणि चरबी यांत भेद करीत नाही, हा त्यांचा आक्षेप योग्यच आहे. घशाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. जीभ आणि घशाच्या भिंती यांत साठणारी चरबी, पोटाचा घेर आणि जाड मान यांचा एकत्रित परिणाम हवेच्या वाटेवर होतो. पुरुषांमध्ये मानेचा घेर सुमारे ४३ सेंटीमीटर, म्हणजे १७ इंचांपेक्षा अधिक असल्यास धोका वाढतो, असा ढोबळ संकेत आहे. आशियाई लोकांत त्याहून कमी घेरालाही हा विकार आढळतो. मल्लाची मान तर मुद्दाम कमावलेली असते.

वजनी गटांची रचनाही येथे विचारात घ्यावी लागते. फ्रीस्टाइल कुस्तीत सर्वांत वरचा गट १२५ किलोंचा आहे. भारोत्तोलन आणि पॉवरलिफ्टिंगमध्ये तर सर्वांत वरच्या गटाला वरची मर्यादाच नाही. अशा गटात वजन वाढविणाऱ्याला स्पर्धेचे नियम रोखत नाहीत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील रहिवाशांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, वजन १० टक्क्यांनी वाढल्यास श्वसनरोधाच्या घटना सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात आणि वजन तेवढेच घटल्यास त्या सुमारे २६ टक्क्यांनी घटतात, असा अंदाज निघाला. हा अभ्यास सर्वसामान्य लोकांचा होता. तरीही १०० किलोंवरून ११० किलोंवर जाण्याचा बेत आखणाऱ्या खेळाडूने तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मैदानावरील उदाहरणे

धिप्पाड खेळाडूंमधील या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले ते अमेरिकन फुटबॉलमुळे. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, तेथील व्यावसायिक खेळाडूंत झोपेतील श्वसनविकाराचे प्रमाण अंदाजे १४ टक्के होते. अधिक धोका असलेल्या गटात ते ३४ टक्क्यांवर गेले. हे सर्वजण तरुण आणि कसून सराव करणारे खेळाडू होते. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर २००४ रोजी, या खेळातील ख्यातनाम बचावपटू रेगी व्हाइट यांचे वयाच्या ४३ व्या वर्षी निधन झाले. त्यांना सार्कॉइडोसिस हा आजार होता आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू ओढवला. झोपेतील श्वसनरोधही त्यास साहाय्यभूत ठरला असावा, असे वैद्यकीय तपासणीत नमूद करण्यात आले.

कुस्तीच्या अधिक जवळचे उदाहरण जपानच्या सुमोचे आहे. १९८७ मध्ये ‘योकोझुना’ या सर्वोच्च पदावर पोहोचलेले ओनोकुनी यांना या विकाराने ग्रासले होते. त्यांचे वजन दोनशे किलोंच्या घरात होते. १९८९ मध्ये पंधरा दिवसांच्या एका स्पर्धेत त्यांचे पराभव विजयांपेक्षा अधिक झाले; योकोझुनाच्या बाबतीत असे पूर्वी घडले नव्हते. ब्रिटनचे एडी हॉल यांनी २०१६ मध्ये लीड्स येथे ५०० किलो वजन जमिनीवरून उचलून विक्रम केला. रात्री श्वसनयंत्राचा मुखवटा लावून झोपावे लागत असल्याचे त्यांनीही जाहीरपणे सांगितले आहे.

भारतातील स्थिती

भारतात हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईत ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वसनाचा विकार असल्याचे, तर ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसा झोप येण्याचा त्रासही असल्याचे आढळले. दिल्लीतील २००६ च्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १३.७ आणि ३.६ टक्के होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजेच ‘एम्स’मधील तज्ज्ञांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशात कामकाजाच्या वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा विकार असावा. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे कारण दिल्याने हे नाव घरोघरी पोहोचले.

सरावावर आणि हृदयावर होणारा परिणाम

ताकदीच्या खेळात शरीर सरावाने थकते आणि झोपेत सावरते. वाढीस साहाय्य करणारे संप्रेरक पुरुषांमध्ये मुख्यतः गाढ झोपेच्या टप्प्यात स्रवते. टेस्टोस्टेरॉनची निर्मितीही झोपेशी निगडित आहे. ज्याची झोप दर दोन मिनिटांनी मोडते, त्याला हा लाभ पुरेसा मिळत नाही. सकाळी डोके जड होणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, चिडचिड होणे आणि उचलता येणारे वजन महिनोन्महिने न वाढणे ही लक्षणे मग अतिसरावाची समजली जातात. प्रशिक्षक खुराक वाढवितो. त्याने वजन वाढते आणि विकारही बळावतो.

अधिक गंभीर बाब रक्तदाबाची आहे. झोपेत एरवी रक्तदाब उतरतो. श्वास वारंवार अडखळणाऱ्यांमध्ये तो रात्रीही उतरत नाही आणि कालांतराने दिवसाही चढा राहतो. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पक्षाघाताचा धोकाही या रुग्णांत अधिक दिसतो. श्वास रोखून अवजड वजन उचलताना रक्तदाब काही क्षण प्रचंड वाढतो. निरोगी शरीर हा भार सहसा पेलते. रक्तदाब मुळातच अनियंत्रित असेल, तर तोच भार धोक्याचा ठरू शकतो. त्यामुळे घोरणाऱ्या वजनदार खेळाडूचा रक्तदाब नियमित मोजणे ही किमान दक्षता आहे.

रात्रपाळी आणि रस्ता

दक्षिण दिल्लीतील असोला-फत्तेपूर बेरी ही जोडगावे राजधानीतील क्लब आणि उपाहारगृहांना पहिलवानी शरीरयष्टीचे सुरक्षारक्षक पुरविणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. दिवसा व्यायाम आणि पहाटेपर्यंत काम, असा तेथील अनेक तरुणांचा दिनक्रम असतो. अशा दिनक्रमात झोपेचे तास आधीच कमी असतात. त्यात श्वसनरोधाची भर पडल्यास घरी परततानाचा रस्ता सर्वांत धोक्याचा ठरतो.

वाहन चालविताना लागणारी डुलकी किती घातक असते, याचा अनुभव या परिसराने घेतला आहे. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग २०१२ मध्ये खुला झाला. ८ जुलै २०१९ रोजी पहाटे लखनऊहून दिल्लीकडे येणारी बस या मार्गावर आग्र्याजवळ नाल्यात कोसळून २९ जणांचा मृत्यू झाला. चालकाला डुलकी लागली असावी, असे तेव्हाचे प्राथमिक वृत्त होते. अशा अपघातांची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक डुलकीमागे श्वसनरोध नसतो. तरीही उपचार न घेतलेल्या रुग्णांत वाहन अपघाताचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. सिग्नलवर थांबल्यावर डोळे मिटत असतील, तर ती तातडीने तपासणीची सूचना समजावी.

निदान कसे होते

निदानाची सुरुवात बहुधा दुसऱ्याच्या निरीक्षणातून होते. पत्नी, भाऊ, खोलीतील सोबती किंवा आखाड्यातील मित्र यांनी श्वास थांबताना पाहिले असेल, तर ती माहिती डॉक्टरांना मोलाची असते. मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत सोबत नेल्यास उपयोग होतो. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, बॉडी मास इंडेक्स, वय, मानेचा घेर आणि लिंग या आठ मुद्द्यांची ‘स्टॉप-बँग’ ही प्रश्नावली २००८ पासून जगभर वापरली जाते. वजनदार पुरुष खेळाडूचे त्यातील दोन-तीन गुण केवळ शरीरयष्टीमुळेच भरतात. त्यामुळे उरलेल्या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देणे महत्त्वाचे ठरते.

निश्चित निदान ‘पॉलिसोम्नोग्राफी’ या रात्रभराच्या तपासणीने होते. मेंदूच्या लहरी, श्वास, हृदयाचे ठोके, प्राणवायूचे प्रमाण आणि हालचाली यांची नोंद झोपेतच घेतली जाते. एम्स आणि सफदरजंग यांसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत, तसेच अनेक खासगी रुग्णालयांत ही सोय आहे. काही रुग्णांची तपासणी लहान उपकरणाच्या साहाय्याने घरीही करता येते.

मुखवट्यासह झोप

या विकारावरील मुख्य उपचार ‘सीपॅप’ हा आहे. हे लहान यंत्र नळी आणि मुखवट्याद्वारे हवेचा सतत सौम्य दाब देते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय वैद्यकविश्वासमोर मांडला. त्यापूर्वी तीव्र रुग्णांसाठी गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडणे हाच खात्रीचा इलाज होता.

यंत्र घेतले म्हणजे उपचार झाला असे नाही. ते रोज रात्री आणि पूर्ण झोपेत वापरावे लागते. भारतासह सात देशांतील २,७०० हून अधिक रुग्णांच्या २०१६ मधील चाचणीत सरासरी वापर रात्री साडेतीन तासांहूनही कमी होता. हृदयविकार आणि पक्षाघात टळण्याचा अपेक्षित लाभ त्या चाचणीत दिसला नाही. दिवसाची झोप, घोरणे आणि मनःस्थिती यांत मात्र सुधारणा झाली.

वजनदार खेळाडूंना काही विशेष अडचणी येतात. त्यांना बहुधा अधिक दाब लागतो. दाढीमुळे मुखवट्याच्या कडेने हवा गळते. कुस्तीत नाकाला मार बसून पडदा वाकडा झालेला असल्यास नाक चोंदते आणि मुखवटा नकोसा होतो. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दिल्लीत हिवाळ्यातील प्रदूषणाने नाक चोंदण्याचा त्रास वाढतो आणि यंत्रातील गाळणीही लवकर काळवंडते. त्यामुळे ती नेहमीपेक्षा लवकर बदलावी लागते. जुने यंत्र घेण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट आहे. आतील ध्वनिरोधक फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये जगभरातून लक्षावधी यंत्रे परत मागविली होती.

एका कुशीवर झोपणे आणि रात्री मद्य टाळणे यांचाही फायदा होतो. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. सौम्य आणि मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे साधन किंवा निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया सुचविली जाते. गुडघा किंवा खांद्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपल्याला श्वसनरोध असल्याचे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. भूल आणि तीव्र वेदनाशामके यांच्या प्रभावाखाली या रुग्णांची अधिक काळजी घ्यावी लागते.

शंखनादाचा प्रयोग

घशाच्या स्नायूंना व्यायाम दिल्यास लाभ होतो का, याचाही शोध सुरू आहे. जयपूर येथे मध्यम स्वरूपाचा विकार असलेल्या ३० जणांवर झालेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि श्वास थांबण्याच्या घटना तासाला चार ते पाच इतक्या घटल्या. प्रयोग लहान आहे आणि तीव्र विकारात ही घट पुरेशी नाही. शंखनाद हा पूरक उपाय ठरू शकेल. यंत्राला तो पर्याय नव्हे.

औषधे आणि उत्तेजकविरोधी नियम

खेळाडूंनी आणखी एक दक्षता घेतली पाहिजे. दिवसाची झोप उडविण्यासाठी दिले जाणारे मोडाफिनिल आणि श्वसनाच्या काही विकारांत वापरले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड ही दोन्ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत. वैद्यकीय कारणास्तव ती लागल्यास राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, म्हणजे ‘नाडा’कडे सवलतीसाठी अर्ज करावा लागतो. सीपॅप यंत्राचा या यादीशी संबंध नाही. टेस्टोस्टेरॉन आणि तत्सम स्टिरॉइड प्रतिबंधित तर आहेतच. शिवाय टेस्टोस्टेरॉनमुळे हा विकार बळावू शकतो.

लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र श्वसनरोध असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मार्च २०२५ मध्ये ते भारतातही मधुमेह आणि वजन नियंत्रणासाठी उपलब्ध झाले. या औषधाने भूक मंदावते आणि वजनाबरोबर काही स्नायूही घटतात. त्यामुळे स्पर्धेतील खेळाडूने तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय त्याचा विचार करू नये.

खेळ थांबल्यानंतर

वजन घटविले तर गट जातो आणि वाढविले तर झोप जाते, अशा पेचात हा खेळाडू सापडतो. सीपॅपचे महत्त्व यातच आहे. खेळाची वर्षे सुरू असताना वजनाचा निर्णय घाईने न घेताही रात्रीचा श्वास सुरक्षित ठेवता येतो. परंतु ही तडजोड कायमची नसते. आखाडा सुटल्यावर मेहनत थांबते, खुराक मात्र सवयीने चालू राहतो आणि स्नायूंची जागा चरबी घेऊ लागते. वय वाढते तसा विकाराचा धोकाही वाढतो. म्हणून निवृत्तीच्या वेळी आहार आणि वजन यांची नव्याने आखणी करणे आणि झोपेची तपासणी पुन्हा करून घेणे आवश्यक आहे.

आखाडे आणि व्यायामशाळांमध्ये खेळाडूचे वजन, छाती आणि दंड यांची नोंद नेमाने ठेवली जाते. त्यात मानेचा घेर, रक्तदाब आणि रात्रीच्या श्वासाची चौकशी एवढीच भर घातली, तरी अनेकांचे निदान वेळेवर होऊ शकेल. शेजारच्या अंथरुणावरचे घोरणे मध्येच थांबून काही क्षण निःशब्द शांतता पसरत असेल, तर त्या मल्लाला कुशीवर वळवावे आणि सकाळी थट्टा करण्याऐवजी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.